समुद्रापार माल पाठविणें: कंटेनर, त्याचीं कागदपत्रें व त्यांतील जोखीम

दुष्काळनिवारणाच्या अहवालांत जहाजी व्यापारावरील लेख पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. चारा, विहिरी, अन्नछत्रें व रोजगार यांचा हिशेब जेथें द्यावयाचा, तेथें समुद्राचें काय प्रयोजन, असा प्रश्न साहजिक आहे. इस्लापुराहून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर आहे. आमच्या भागांतील पुष्कळ लोकांनीं पाण्याचा मोठ्यांत मोठा लोट पाहिला तो पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा. तथापि आमच्या कापसाचा, सोयाबीनचा व हळदीचा भाव आतां इस्लापूर, किनवट किंवा नांदेड येथें ठरत नाहीं. तो पुष्कळ अंशीं समुद्रापार ठरतो. अवर्षणाच्या सालीं ज्या कुटुंबाच्या हातीं नेहमीच्या निम्मेंच पीक येतें, त्याच्या त्या निम्म्या पिकाचे पैसे वेळेवर व पुरते मिळाले तर त्यास अन्नछत्रापाशीं यावें लागत नाहीं. म्हणून हा विषय कमिटीच्या कक्षेबाहेरचा नाहीं, अशी माझी नम्र समजूत आहे.

दुष्काळ म्हणजे केवळ धान्याचा किंवा पाण्याचा अभाव नव्हे. पुष्कळदां तो वाहतुकीचा अभाव असतो. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून पाण्याची आगगाडी आणावी लागली, हें आपणां सर्वांच्या स्मरणांत आहे. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी दहा टांक्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोंचली. पुढें पन्नास टांक्यांची गाडी सुमारें पंचवीस लाख लिटर पाणी आणूं लागली. या हकीकतींतील एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, १९११ सालीं लातुरास पोंचलेला, अवघ्या अडीच फूट रुंदीचा होता. तो रुंद होऊन त्या वेळीं फार वर्षें झालीं नव्हतीं. तो जुना अरुंद मार्ग तसाच राहता, तर मिरजेची टांकी लातुरापर्यंत सरळ येऊंच शकली नसती. पाणी वाटेंत एका गाडींतून दुसऱ्या गाडींत ओतावें लागलें असतें, आणि या ओताओतींत किती वेळ, किती मजुरी व किती पाणी गेलें असतें, याचा अंदाज वाचकांनींच करावा.

आमच्या वाडवडिलांस ही ओताओत चांगलीच परिचित होती. निजामाच्या अमदानींत हैदराबादेहून गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाडास जाणारा लोहमार्ग मीटर गेजचा होता आणि मनमाडाहून मुंबईस जाणारा ब्रॉड गेजचा. नांदेडच्या कापसाची गांठ मनमाडास एका वाघिणींतून उतरून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणींत चढत असे. तेथें गांठी फाटत, पोतीं गळत, पावसांत भिजत, आणि थोडाबहुत माल वाटेंतच नाहींसा होई. मुदखेड ते आदिलाबाद हा इस्लापुरावरून जाणारा मार्गही या शतकाच्या पहिल्या दशकांत रुंद झाला. तोंपर्यंत आमचीही स्थिति तीच होती. माल चालण्यानें तितका झिजत नाहीं, जितका चढउतार करण्यानें झिजतो, हा या सर्व अनुभवाचा इत्यर्थ आहे. कंटेनर म्हणून जी लोखंडी पेटी आज जगभर फिरते, तिचें सर्व रहस्य या एका वाक्यांत आहे.

पूर्वीं बंदरांतही हाच प्रकार चाले. एका जहाजांत हजारों निरनिराळे नग असत: पोतीं, पिंपें, खोकीं, गांठी. एकेक नग जाळ्यांत घालून वर ओढावयाचा, तळघरांत नीट रचावयाचा, आणि पलीकडच्या बंदरांत पुन्हां एकेक करून काढावयाचा. जहाज समुद्रांत जितके दिवस चाले, जवळ जवळ तितकेच दिवस तें धक्क्यास लागून राही. माल्कम मॅक्लीन नांवाच्या एका अमेरिकन मोटारमालकानें यावर तोड काढली. माल उतरवून चढविण्याऐवजीं ट्रकची अख्खी पेटीच चाकांवरून उचलून जहाजावर कां ठेवूं नये, असा त्याचा साधा विचार होता. २६ एप्रिल १९५६ रोजीं आयडियल-एक्स नांवाचें जहाज नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघालें. त्यावर अशा ५८ पेट्या होत्या. सुटा माल चढविण्यास टनामागें ५.८३ डॉलर खर्च येई, तो पेटीमुळें १६ सेंटांच्या आंत आला, असा हिशेब त्या वेळीं करण्यांत आला. पुढें १९६८ पासून या पेट्यांचीं मापें सर्व राष्ट्रांनीं एकच ठरविलीं. त्यामुळें एका देशांत भरलेली पेटी कोणत्याही देशाच्या ट्रकवर, वाघिणीवर व जहाजावर जशीच्या तशी बसते.

हिंदुस्थानांत पहिला कंटेनर १९७३ सालीं कोचीन बंदरांत उतरला. आमच्या प्रांताचा माल ज्या न्हावा-शेवा बंदरांतून जातो, तें बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें, आणि २०२४-२५ या एका सालांत त्यांतून वीस फुटी पेट्यांच्या मापानें सत्तर लाखांहून अधिक पेट्यांची ये-जा झाली. ज्या शेतकरी व आगरी कुटुंबांच्या जमिनींवर त्या भागांतील हा नवा उद्योग उभा राहिला, त्यांनीं योग्य मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत लढा दिला व त्यांत पांच जणांचे प्राण गेले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. दुसऱ्याच्या त्यागावर उभ्या राहिलेल्या सोयीचा उपयोग करणारानें तो त्याग विसरूं नये.

आतां प्रत्यक्ष पेटीकडे वळूं. प्रचारांत मुख्यतः दोन मापें आहेत, वीस फुटी व चाळीस फुटी. रुंदी दोहोंची आठ फूट. वीस फुटी पेटीच्या पोटांत सुमारें ३३ घनमीटर माल मावतो, चाळीस फुटींत सुमारें ६७. पण येथें नवशिक्या व्यापाऱ्याची पहिली चूक होते. चाळीस फुटी पेटींत जागा दुप्पट असली, तरी दुप्पट वजन तिला चालत नाहीं. दोहोंची वजनाची कमाल मर्यादा जवळ जवळ सारखीच असते, व रस्त्यावरील मर्यादा त्याहून निराळी असते. म्हणून साखर, धान्य, डाळी यांसारखा जड माल वीस फुटी पेटींत आणि कापसासारखा जागा खाणारा माल चाळीस फुटींत भरणें फायद्याचें ठरतें. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक पेटीचें खरें वजन करून तें लेखी कळविल्याखेरीज तिला जहाजावर चढवीत नाहींत. अंदाजानें वजन लिहिण्याची आमच्याकडील संवय येथें चालत नाहीं. खोट्या वजनानें जहाजाचा तोल जातो व माणसें मरतात. म्हणून हा नियम झाला आहे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पेटी लोखंडाची व बंद असते. दिवसा उन्हानें आंतील हवा तापते, मालांतील ओल वाफ होऊन वर चढते, आणि रात्रीं किंवा थंड समुद्रांत छत निवालें कीं तीच वाफ थेंबाथेंबानें खालच्या पोत्यांवर गळते. पाऊस नाहीं, गळती नाहीं, तरी माल भिजतो व बुरशी धरतो. हळद अर्धवट वाळलेली भरली, तर नांदेडास ती चांगली दिसेल आणि तीन आठवड्यांनीं परदेशांत काळी निघेल. तेव्हां माल पुरता वाळवावा, ओलावा यंत्रानें मोजावा, पेटी भरण्यापूर्वीं आंत उभें राहून दार लावून घ्यावें व कोठून उजेड येतो काय तें पाहावें, जमीन व भिंती कोरड्या व निर्गंध आहेत याची खात्री करावी, कागदाचें अस्तर द्यावें व ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्यात. लांकडी फळ्या वापरल्यास त्या कीडमुक्त केल्याचा शिक्का त्यांवर असावा. नाहींतर पुष्कळ देशांत माल चांगला असूनही फळ्यांपायीं अडतो.

पेटी भरल्यावर दारास क्रमांकाचें मोहोर लावतात. तत्पूर्वीं पाठविणाराजवळ आयात-निर्यातीचा सरकारी संकेतांक असावा लागतो. कस्टम खात्याकडे शिपिंग बिल नांवाचा निर्यातीचा अर्ज करावा लागतो. शेतमालास वनस्पति-आरोग्याचें प्रमाणपत्र लागतें. ट्रक किंवा आगगाडीनें पेटी बंदरांत जाते. जहाज सुटण्याच्या आधीं ठरलेल्या तासापर्यंत ती आंत पोंचली नाहीं, तर जहाज तिच्यासाठीं थांबत नाहीं. हीं सर्व कामें पार पाडणारे दलाल मुंबईस व न्हावा-शेव्यास आहेत. त्यांची मदत घ्यावी, पण त्यांनीं पुढें केलेल्या कागदावर वाचल्याखेरीज सही करूं नये, ही माझी वकील या नात्यानें पहिली सूचना आहे.

सर्व कागदांत श्रेष्ठ कागद म्हणजे जहाजी पावती, व्यापारी भाषेंत बिल ऑफ लेडिंग. रेल्वेची बिल्टी आमच्या व्यापाऱ्यांस ठाऊक आहे. ही तिचीच मोठी बहीण. हिच्या अंगीं तीन गुण आहेत. माल कंपनीच्या ताब्यांत आल्याची ती पावती आहे. माल कोणत्या अटींवर न्यावयाचा त्या कराराचा ती पुरावा आहे. आणि तिसरा व सर्वांत महत्त्वाचा गुण असा कीं, मालावरील हक्क तिच्याबरोबर हातोहात चालतो. हुंडीप्रमाणें पाठीवर सही करून ती दुसऱ्यास देतां येते. मूळ पावती ज्याच्या हातीं, त्यास माल. म्हणून पैसे हातीं येईपर्यंत किंवा बँकेची पक्की हमी मिळेपर्यंत मूळ पावती हातची सोडूं नये. तसेंच पावती खरेदीदाराच्याच एकट्याच्या नांवें न करितां, हुकुमानें देय, म्हणजे ‘टू ऑर्डर’ करून घ्यावी. नांवाच्या पावतीचा माल दुसऱ्यास विकावयाचा झाला, तर पाठविणाराचे हात बांधले जातात.

या पावतीवर बहुधा असे शब्द असतात कीं, ‘पाठविणारानें भरली व मोजली, आंत इतका माल असल्याचें म्हणतात.’ हे शब्द निरुपद्रवी वाटतात, पण तसे ते नाहींत. कंपनीनें बंद पेटी घेतली. आंत काय आहे तें तिनें पाहिलें नाहीं. पलीकडे मोहोर शाबूत असून पोतीं कमी निघालीं, तर कंपनी हात झटकते, आणि तीं पोतीं खरोखर भरलीं होतीं हें सिद्ध करण्याचा बोजा आपणांवर येतो. यासाठीं पेटी भरतांना तटस्थ तपासनीस उभा करावा, पोत्यांची मोजणी लिहून घ्यावी, रिकाम्या, अर्ध्या व पूर्ण भरलेल्या पेटीचीं छायाचित्रें घ्यावींत, आणि पोत्यांची संख्या पावतींत स्पष्ट लिहवावी.

जोखीम कोणाची, हा पुढील प्रश्न. भाव ठरवितांना तीन इंग्रजी अक्षरें लिहितात: एफ.ओ.बी., सी.आय.एफ. इत्यादि. आमचे कित्येक बंधू त्यांचा अर्थ ‘भाडें कोण देणार’ एवढाच समजतात. वास्तविक तीं अक्षरें माल बुडाला तर कोणाचा बुडाला, हेंही ठरवितात. एफ.ओ.बी. मध्यें जहाजावर माल चढेपर्यंतची जोखीम विकणाराची असते. पण कंटेनर तर जहाज येण्याच्या आधींच बंदराच्या आवारांत सोडावा लागतो. मधल्या दिवसांत त्यावर आपला ताबा नसतो, जोखीम मात्र आपलीच राहते. म्हणून पेटीबंद मालास एफ.सी.ए. ही अट योग्य, असें या अटी तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारमंडळाचें मत आहे. तींत माल वाहतूकदाराच्या स्वाधीन करतांच जोखीम खरेदीदाराकडे जाते.

विम्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. जहाज कंपनीकडून नुकसान भरून मिळेल, या भरंवशावर कोणी राहूं नये. १९२५ च्या सागरी मालवाहतुकीच्या कायद्याप्रमाणें कप्तानाच्या नौकानयनांतील चुकीबद्दल कंपनी जबाबदार नसे, व इतर बाबतींतही तिची जबाबदारी मर्यादित असे. त्या कायद्याच्या जागीं २०२५ सालीं नवा कायदा झाला, तरी नियमांचा गाभा तोच आहे. २५ मे २०२५ रोजीं केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा-३ हें जहाज ६४० कंटेनरांसह बुडालें. समुद्र कोणाची ऐपत पाहून कोप करीत नाहीं. विमा मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणें, वेगळें ठरविलें नसल्यास, वस्तूच्या अंगभूत दोषानें किंवा केवळ विलंबानें झालेलें नुकसान विमा कंपनी देत नाहीं. ओली हळद भरली व ती कुजली, तर तो समुद्राचा दोष नव्हे, हळदीचा. आणि त्याची भरपाई नाहीं.

समुद्रावरील एक प्राचीन नियम आमच्या लोकांस अगदींच नवा वाटतो. सर्वांचें जहाज वांचविण्यासाठीं मुद्दाम जो खर्च किंवा त्याग करावा लागतो, तो ज्यांचा माल वांचला त्या सर्वांनीं आपापल्या किंमतीच्या प्रमाणांत वांटून घ्यावयाचा. यास जनरल अॅव्हरेज म्हणतात. मार्च २०२१ मध्यें एव्हर गिव्हन हें चारशें मीटर लांबीचें जहाज सुएझच्या कालव्यांत सहा दिवस आडवें रुतून बसलें. तें निघाल्यावर हा नियम लागू करण्यांत आला, आणि मिसर देशाशीं तडजोड होऊन जहाज जुलै महिन्यांत सुटलें. ज्यांच्या पोत्यास ओरखडाही उठला नाहीं, त्यांनाही हमी दिल्याखेरीज माल मिळाला नाहीं. ज्यांचा विमा होता त्यांची हमी विमा कंपनीनें दिली. ज्यांचा नव्हता त्यांना ती स्वतः द्यावी लागली.

आतां एक हकीकत सांगतों. नांवें गांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. २०१५-१६ च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यांतील एका प्रामाणिक व्यापाऱ्यानें पंधरावीस शेतकऱ्यांची हळद उधारीवर घेऊन परदेशांतील एका खरेदीदारास पाठविली. थोडी रक्कम आगाऊ मिळाली होती. बाकीची माल पोंचल्यावर मिळावयाची होती. पावती खरेदीदाराच्या नांवें केलेली होती. माल समुद्रांत असतां तेथील भाव उतरला, आणि खरेदीदारानें माल सोडवून घेण्याचें टाळलें. पेटी बंदरांत पडून राहिली. प्रत्येक पेटीस बंदरांत ठराविक दिवस मोफत मिळतात. ते संपले कीं जागेचें डिमरेज व पेटीचें भाडें दिवसागणिक चढूं लागतें. खरेदीदार गप्प बसला, तेव्हां कंपनीच्या मागणीचीं पत्रें पाठविणारास येऊं लागलीं; कारण पावतीमागील बारीक अक्षरांत तशी अट होती. दुसरा गिऱ्हाईक मिळाला, पण त्या देशाच्या नियमाप्रमाणें पहिल्या खरेदीदाराची लेखी संमति पाहिजे होती व ती तो देईना. अखेर मालाच्या किंमतीपेक्षां आकार अधिक झाला, व माल सोडून द्यावा लागला.

तो गृहस्थ माझ्याकडे आला तेव्हां माल पोंचून चौदा महिने झाले होते. कांहीं पोतीं पेटीला भोंक असल्यामुळें भिजलीं होतीं, असा तपासणीचा कागदही त्याच्यापाशीं होता. म्हणजे निदान तेवढ्यापुरता कंपनीवर दावा चालला असता. परंतु असा दावा माल मिळाल्यापासून, अगर मिळावयास पाहिजे होता त्या दिवसापासून, एक वर्षाच्या आंत लावावा लागतो. मुदत दोन महिन्यांपूर्वीं संपली होती. मला त्यास रिक्त हस्तें परत पाठवावें लागलें. त्यानें शेतकऱ्यांस फसविलें नव्हतें; आपली जमीन विकून त्यानें त्यांचें देणें पुढील चार वर्षांत फेडलें. पण दुष्काळाच्या सालीं पाहिजे असलेला पैसा चार वर्षांनीं मिळून काय उपयोग? मधल्या काळांत कित्येकांच्या दावणीचे बैल गेले, आणि दोन कुटुंबें ऊंसतोडीस गेलीं तीं अद्याप परतलीं नाहींत. हें सर्व अवर्षणानें झालें असें लोक म्हणतात. मी मात्र म्हणतों कीं, त्यांतील अर्धें एका कागदानें झालें.

हा अनर्थ टळण्यासारखा होता काय? होता. खरेदीदाराच्या बँकेकडून न फिरविता येणारें पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, घेतलें असतें, तर बँकेनें कागद पाहून पैसे दिले असते. बँक माल पाहत नाहीं, कागद पाहते. पण म्हणूनच पतपत्रांतील प्रत्येक शब्द आपल्या कागदांत तसाच उतरला पाहिजे. खरेदीदार बुडाला किंवा फिरला तर भरपाई देणारी निर्यात पत-हमी संस्था आपल्या सरकारनें १९५७ सालींच स्थापन केली आहे. तिचा हप्ता भरला असता तरी बराच भाग वांचला असता. निदान पावती हुकुमानें देय करून घेतली असती, तर मूळ कागद हातीं ठेवून माल दुसरीकडे वळविणें पुष्कळ सोपें गेलें असतें.

कांहीं संकटें मात्र कोणत्याही एका व्यापाऱ्याच्या हातचीं नाहींत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां युरोपास जाणारीं बहुतेक जहाजें आफ्रिकेस वळसा घालून जाऊं लागलीं; दिवस वाढले व भाडेंही वाढलें. सरकारी बंदीचा प्रश्न याहून आमच्या जवळचा आहे. १३ मे २०२२ रोजीं गव्हाच्या निर्यातीस एकाएकीं बंदी झाली. पण ज्यांच्यापाशीं त्या दिवसापूर्वींचें न फिरणारें पतपत्र होतें, त्यांचा माल जाऊं दिला. तोंडी सौदे करणारे अडकले. कांद्यावर डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत अशीच बंदी होती.

येथें कोणी विचारील कीं, दुष्काळांत धान्य बाहेर जाऊं द्यावें हेंच मुळीं योग्य आहे काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. १८७६-७८ च्या घोर दुष्काळांत दक्षिणेंत माणसें मरत असतां हिंदुस्थानांतून विलायतेस धान्य जातच होतें. आगगाडीनें धान्य दुष्काळी भागांत आणतां येतें, तसेंच तेथून बाहेरही नेतां येतें, हें त्या वेळीं दिसून आलें. उलटपक्षीं १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोनें महाराष्ट्रांतील चुली पेटत्या राहिल्या, हें आमच्या वडील मंडळींनीं स्वतः अनुभविलें आहे. जहाज किंवा आगगाडी ही स्वभावानें परोपकारी नाहीं व दुष्टही नाहीं. ज्याच्या हातीं पैसा असेल त्याच्याकडे ती धान्य नेते. म्हणून माझें मत असें कीं, भुकेच्या सालीं ज्वारी व डाळ गांवांत राहावी, यासाठीं साठा करणें हें जमीनदारांचें व कमिटीचें कर्तव्य आहे. परंतु हळद व कापूस खाऊन कोणी जगत नाहीं, त्यांचे जितके अधिक पैसे गांवांत येतील तितकी ज्वारी गांवांत राहील.

आतां विनंती. व्यापारी बंधूंस विनंती अशी कीं, ज्या सालीं पीक बुडालें असेल, त्या सालीं शेतकऱ्याचा माल उधारीवर घेऊन बिनहमीचा परदेशीं पाठवूं नये. जोखीम घेण्याची ऐपत आपली असेल, त्याची नाहीं. जमीनदार मंडळींनीं आपल्या खळ्याशेजारीं माल वाळविण्यासाठीं पक्का ओटा व ओलावा मोजण्याचें यंत्र ठेवून तें लहान शेतकऱ्यांस वापरूं द्यावें. यास खर्च थोडा व उपकार मोठा. देणगीदारांस विनंती अशी कीं, अन्नदानाबरोबर आपल्या देणगीचा कांहीं भाग विम्याच्या व पत-हमीच्या हप्त्यांसाठीं राखून ठेवण्याची अनुज्ञा कमिटीस द्यावी. हा पैसा दिसत नाहीं, त्याची पंगत बसत नाहीं, कोणी जयजयकार करीत नाहीं. परंतु ज्या घरचा बैल दावणीस राहिला, त्या घरानें तो खाल्लाच असें समजावें. आणि ज्यांस कागद वाचतां येत नाहीं किंवा त्याविषयीं शंका वाटते, त्यांनीं सही करण्यापूर्वीं तो कोणाही जाणत्या वकिलास दाखवावा. इस्लापूरच्या भागांतील मंडळींनीं माझ्याकडे यावें; अशा कामाची फी मी घेत नाहीं.

पेटी लोखंडाची असते, पण तिच्या आंत कोणाचें तरी वर्षभराचें पोट असतें. तें सुखरूप पोंचावें व त्याचें मोल सुखरूप परत यावें, एवढीच या लेखामागील इच्छा आहे. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.